रात्रपाळी

इचलकरंजीत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना आवाजात झोप लागते. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचे कारखाने होते. खडक-खट, खडक-खट असा धोट्याचा आवाज दिवसपाळीला असायचा आणि रात्रपाळीलाही. लाइट गेली की सगळे माग एकदम थांबत आणि गल्लीतली लहान मुलं दचकून रडत उठत. आवाजानं नव्हे, शांततेनं जाग यायची. अब्बा चाळीस वर्षं जॉबर होते. मागाच्या दुखण्यावरचा वैद्य म्हणजे जॉबर. झोपेतही त्यांचा कान मागावर असायचा. रात्री मध्येच उठून बसायचे आणि म्हणायचे, "सात नंबरका माग मार खाराय." सकाळी बघावं तर खरंच सात नंबरच्या मागाचा एखादा भाग सैल झालेला असायचा.

अब्बांचा एक नियम होता. मशीन खाली उभं राहू नये आणि मशीन खाली चालू नये. ताणा संपलेला असताना माग नुसताच चालू ठेवणाऱ्या कामगाराला ते असं झापायचे की तो आठवडाभर तोंड दाखवायचा नाही. त्यामुळे 2016 साली वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांनी माझ्या बंद पडलेल्या क्लासच्या खोलीत रात्रभर चाललेले संगणक पाहिले, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करता येईल. पडदा काळा, समोर माणूस नाही, पंखे मात्र गरगरताहेत.

"खाली मशीन कायकू चलाता रे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही, कारण उत्तरात भाईजानचं नाव आलं असतं. आमच्या घरात ते नाव अब्बांसमोर घ्यायची पद्धत नव्हती.

भाईजान माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली आणि मागावर गेला. मी शिकावं हा त्याचाच हट्ट. 1996 च्या पावसाळ्यात त्याला खोकला लागला. कापसाची धूळ सगळ्यांच्याच छातीत असते म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग कफात रक्त दिसलं. डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, मध्ये सोडायच्या नाहीत. दोन महिन्यांत भाईजान बरा दिसू लागला. वजन वाढलं, खोकला थांबला. गोळ्यांनी पित्त उसळायचं, अन्न जायचं नाही. शिवाय आमच्याकडे मजुरी मीटरवर. जितकं कापड तितका पैसा. बरा झालेला माणूस औषधावर पैसे का घालवील? त्यानं गोळ्या सोडल्या. अब्बांना ते कळलं होतं. ते काही बोलले नाहीत, कारण त्या महिन्यात माझी कॉलेजची फी भरायची होती. वर्षभरानं आजार उलटला तेव्हा तो गोळ्यांना दाद देईना. 1998 च्या थंडीत भाईजान गेला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

मी शिकलो, संगणकाचा डिप्लोमा केला. कोल्हापूरला ज्या संस्थेत शिकायला होतो तिथल्या एका संगणकावर मी पहिल्यांदा 'सेटी ॲट होम' पाहिलं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठानं 17 मे 1999 रोजी ते सुरू केलं होतं. पोर्टो रिको बेटावरच्या अरेसिबो इथल्या प्रचंड दुर्बिणीनं टिपलेल्या रेडिओलहरींत परग्रहावरच्या कुणाची हाक ऐकू येते का, ते शोधायचं होतं. त्यासाठी लागणारा महासंगणक विद्यापीठाला परवडणारा नव्हता. म्हणून त्यांनी त्या लहरींचे 107 सेकंदांचे तुकडे पाडले आणि जगभरातल्या सामान्य माणसांना सांगितलं, तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा यातला एक तुकडा तपासून द्या. एक तुकडा जेमतेम साडेतीनशे किलोबाइटचा. फोनच्या तारेवरच्या कुरकुरत्या इंटरनेटवरसुद्धा तो उतरवता यायचा. पडद्यावर रंगीत आलेख डोंगरासारखे सरकत राहायचे. पन्नास लाखांहून जास्त माणसांनी त्यात भाग घेतला. परग्रहावरून हाक काही आली नाही. पण रिकाम्या वेळेची वर्गणी गोळा करून महासंगणक उभा राहतो, हे सिद्ध झालं.

मी गावी परत येऊन क्लास काढला. टायपिंग, टॅली, पुढे सरकारी नोकरीसाठी लागणारा कोर्स. एकेक करत आठ संगणक झाले. पोरं संध्याकाळी सातला गेली की मी सेटीचे तुकडे लावून ठेवायचो. तेव्हा भारनियमन असायचं. रोज काही तास वीज नाही. पण या कामात एक सोय असते. संगणक दर थोड्या वेळानं केलेल्या गणिताची नोंद ठेवतो. लाइट आली की शेवटच्या नोंदीपासून पुढे सुरू. मागाचं तसंच, लाइट गेली म्हणून विणलेलं कापड उसवत नाही.

2014 ला क्लास बंद केला. पोरांच्या हातात मोबाइल आले होते आणि मोठ्या संस्थांच्या शाखा उघडल्या होत्या. मी एका सूतगिरणीच्या ऑफिसात संगणक सांभाळायच्या नोकरीला लागलो. आठ संगणक चादरीखाली झाकून ठेवले. भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला, तो ऐकून चादर पुन्हा ओढून घेतली.

मार्च 2016 मध्ये बातमी वाचली. 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' नावाचा एक उपक्रम आयबीएमनं 2004 साली सुरू केला होता. सेटीसारखीच रीत, फक्त आकाशाऐवजी आजारांवरचं, पाण्यावरचं, हवामानावरचं संशोधन. त्यात आता टीबीचा प्रकल्प आला होता, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचा. ती बातमी मी तीनदा वाचली.

भाईजानच्या वेळेपासून मला एक प्रश्न पडलेला होता. ताप आला तर पाच दिवस गोळ्या, मग टीबीलाच सहा महिने का? आता त्याचं उत्तर थोडं थोडं समजू लागलं. बरेच जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, टीबीचा जंतू त्यासाठी पंधरा ते वीस तास घेतो. त्यातले काही तर नुसते झोपून राहतात, आणि झोपलेल्या जंतूवर औषधाचा जोर कमी चालतो. शिवाय त्याच्या अंगावर मेणचट कवच असतं. त्या कवचात मायकोलिक आम्ल नावाचे लांबलचक चरबीचे रेणू असतात. औषध त्या मेणातून आत सहज शिरत नाही. हे रेणू कवचात कसे उभे राहतात, कसे दुमडतात, एका प्रकारचा रेणू काढून दुसरा घातला तर काय होतं, हे समजलं तर कवचाला भोक कुठं पाडायचं ते कळू शकेल. सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाही. गणितानंच पाहावं लागतं. रेणूतला प्रत्येक अणू पुढच्या क्षणी कुठं सरकेल, ते मोजायचं. आणि क्षण तरी किती लहान? एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा दशलक्षावा भाग. असे क्षण मोजत मोजत रेणूची एक हालचाल पुरी होते. एका संगणकाला हे काम दिलं तर कित्येक पिढ्या जातील. म्हणून तुकडे पाडून घरोघर वाटलेले.

मी चादर काढली.

आठांपैकी तीन संगणक 2005-06 चे, पेंटियम-4 चे. ते तापायचे फार आणि काम कमी करायचे. उरलेले पाच 2008 चे. त्यात पेंटियम ड्युअल-कोअर ई2160 हा प्रोसेसर होता. दोन कोअर, 1.8 गिगाहर्ट्झ, 65 वॅट. प्लगमध्ये लावायचं वीजमापक आणून मी मोजलं. एक अख्खा संगणक पडदा बंद ठेवून 90 वॅट घेत होता. टीबीचा एक तुकडा पुरा व्हायला सोळा तास लागत. दोन कोअर म्हणून एका वेळी दोन तुकडे. हिशोब केला तर एका तुकड्यामागे जवळजवळ पाऊण युनिट वीज पडत होती.

नवा संगणक घ्यायची ऐपत नव्हती. पण या 2008 च्या बोर्डांवर जी 775 पिनांची बैठक होती, त्याच बैठकीचे चार कोअरवाले प्रोसेसर नंतर निघाले होते. आता ते जुन्या बाजारात आले होते. मुंबईला कामासाठी गेलो तेव्हा लॅमिंग्टन रोडवर फिरलो. कोअर-टू क्वाड क्यू8400 हा प्रोसेसर मिळाला. चार कोअर, 2.66 गिगाहर्ट्झ, 95 वॅट. दोन घेतले. बायकोला एकाचीच किंमत सांगितली.

पहिला मी उतावळेपणानं एका पेंटियम-4 च्या संगणकात बसवला, कारण तो हाताशी उघडा होता. बैठक तीच, खाच तीच, बसला तोही व्यवस्थित. बटण दाबलं. पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. रात्री अकरा वाजता मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर बोर्डाची माहिती शोधून वाचली. त्या बोर्डावरची 945 ही चिपसेट चार कोअरच्या आधीच्या काळातली. तिला हा पाहुणा ओळखताच येत नव्हता. बैठक जुळली म्हणजे सोयरीक जमली असं नसतं. बोर्ड बनवणाऱ्यानं कुठल्या प्रोसेसरला मान्यता दिली आहे त्याची यादी असते. ती आधी बघायची, मग खिशात हात घालायचा. मी उलटं केलं होतं.

2008 च्या पाच बोर्डांवर जी31 चिपसेट होती आणि यादीत क्यू8400 चं नाव होतं. मात्र अट होती: बोर्डाचं बायोस नवं हवं. ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलावं लागतं. नवा बसवून मग बदलू म्हटलं तर संगणक चालूच होत नाही. आणि बायोस बदलताना मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा मेला. क्लासचा जुना यूपीएस बाहेर काढला, त्याला नवी बॅटरी घातली, मगच हात लावला. वीजपुरवठ्याचा डबाही बदलला, कारण जुन्यावर 450 वॅट छापलेलं असलं तरी छापलेल्याचा भरवसा नसतो. जुना पंखा काढला, प्रोसेसरवर वाळून खडू झालेली पेस्ट स्पिरिटनं पुसली, नव्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली, पंख्याचे चार पाय समोरासमोरचे धरून खट् खट् दाबले. या वेळी पडदा उजळला. कोपऱ्यात 'चार' दिसलं.

त्या रात्री मी झोपलोच नाही. चार तुकडे एकाच वेळी चालले होते आणि प्रत्येक दहा तासांत संपत होता. वीजमापक 130 वॅट दाखवत होतं. म्हणजे वीज वाढली. आधी 90 होती. पण काम तिपटीहून वाढलं. एका तुकड्याला पाऊण युनिट लागायचं, तिथं आता एक तृतीयांश युनिट पुरत होतं. पेंटियम-4 चे तिन्ही संगणक मी त्याच आठवड्यात कायमचे बंद केले. जुनं यंत्र फुकट पडलंय म्हणून ते चालवणं फुकट असतं, हा आपला गैरसमज. जुनं यंत्र विजेच्या बिलात रोज आपली किंमत वसूल करतं.

दुसरा प्रोसेसर बसवताना घात झाला. या जातीच्या प्रोसेसरला पिना नसतात. पिना बोर्डावरच्या बैठकीत असतात, 775, केसाएवढ्या बारीक, एका बाजूला कललेल्या, गव्हाच्या शेतासारख्या. प्रोसेसर सरळ खाली ठेवायचा, सरकवायचा नाही. माझ्या बोटातून तो निसटला आणि कोपऱ्यावर पडला. उचलून पाहिलं तर शेतात पाखरू बसून उठावं तशा तीन पिना वाकलेल्या. चिमट्यानं सरळ करायला गेलो. हात थरथरत होता, चौथीही वाकली.

तेवढ्यात दारात अब्बा. फजरसाठी उठले होते. मी खुर्चीत डोकं धरून बसलेला.

"क्या हुआ?"

मी दाखवलं. ते वाकून बघू लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जवळचं स्पष्ट दिसत नसे. ते गेले आणि थोड्या वेळानं पत्र्याची एक जुनी डबी घेऊन आले. तिच्यात कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग होतं, पितळेचं, आणि एक सुई. मागाच्या फणीत शेकडो पत्तीच्या तारा असतात. एक जरी वाकडी झाली तरी कापडावर उभी रेघ पडते. अशा तारा सरळ करण्यात अब्बांनी उमर घालवली होती.

"बत्ती पकड."

मी मोबाइलचा उजेड धरला. त्यांनी भिंग बैठकीवर ठेवलं, एक डोळा मिटला, सुईचं टोक पिनेखाली घातलं आणि श्वास रोखला. ज्या हातातला चहाचा कप हलायचा तो हात सुई धरल्यावर हलत नव्हता. एक पिना. श्वास. दुसरी. चौथ्या पिनेला अर्धा तास लागला. सुई खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "ये मशीन करता क्या है?"

आता टाळणं शक्य नव्हतं. मी सांगितलं. जंतू, कवच, तुकडे, सगळं. मला वाटलं अब्बांना परग्रहासारखं वाटेल. पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तर इर्जिक झालं."

अब्बांचा जन्म वाळव्याकडच्या खेड्यातला. मागावर येण्याआधी त्यांनी शेती पाहिली होती. एखाद्याच्या घरी अडचण असली, बैल मेला, माणूस आजारी पडला, की गावातले सगळे आपापले नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरायचे आणि एका दिवसात रान नांगरून द्यायचे. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. तिथं जात, मजहब कुणी विचारायचं नाही. बैल कुणाचे आहेत हेही मोजायचं नाही. दुपारी तोच इतका वेळ शोधत असलेला साधा शब्द मला बापाकडून मिळाला होता. मी मात्र गेली सोळा वर्षं लोकांना 'डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग' समजावत होतो आणि कुणाला कळत नव्हतं.

मग त्यांनी सुई डबीत ठेवली आणि विचारलं, "टीबीका बोला ना तू?"

"हां अब्बा."

ते काही बोलले नाहीत. भिंग पुसत बसले. बऱ्याच वेळानं, जणू स्वतःशीच, म्हणाले, "दो महिनेच खाया उनें. मेरेकू मालूम था."

अठरा वर्षांनी त्यांनी हे वाक्य उच्चारलं. मला म्हणायचं होतं की तुमची चूक नव्हती, फी माझी होती. पण तेही खरं नव्हतं. चूक कुणा एकाची नव्हती. मीटरवरची मजुरी, छातीतली धूळ, अंधारी खोली, महागडी गोळी आणि लवकर बरं वाटणं, या सगळ्यांचा तो ताणाबाणा होता. मी फक्त बटण दाबलं. पडदा उजळला. अब्बांनी कोपऱ्यातला आकडा पाहिला आणि विचारलं, "चार माग एकदम?"

"चार."

"और बिजली दोहीकी?"

"दीडची म्हणा."

ते मान हलवून हसले. जॉबरला असा हिशोब पटतो.

बायकोला मात्र पटवणं सोपं नव्हतं, आणि तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. थोरलीच्या बारावीचं वर्ष होतं, घरात पाणी तापवायचा गिझरसुद्धा जपून लावला जायचा. "जगाचा टीबी बरा करा, पण घरातल्या बिलाचं काय?" ती म्हणाली. तेव्हा तडजोड झाली. दोनच संगणक, आणि तेही रात्री आठ ते सकाळी आठ. दोन्हींचे मिळून रात्रीचे तीन युनिट, महिन्याचे नव्वदच्या आसपास. त्या बदल्यात मी रिक्षा सोडून सायकलनं कामावर जाऊ लागलो. एप्रिल-मे दोन महिने मशीन पूर्ण बंद, कारण त्या उन्हाळ्यात खोलीच भट्टी होते आणि प्रोसेसरचं तापमान सत्तरच्या वर जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. खोकणाऱ्या यंत्राकडून काम करून घ्यायचं नाही.

अशी आमची रात्रपाळी सुरू झाली. सकाळी अब्बा चहा घेता घेता विचारायचे, "आज कितना निकला?" मागावर सकाळी जसं कापडाचे मीटर विचारतात तसं. मी तुकडे सांगायचो. कधी टीबीचं काम संपलेलं असायचं, तेव्हा झिका विषाणूचं यायचं, कर्करोगाचं यायचं. अब्बा म्हणायचे, चालू दे, रान कुणाचंही असो. पण टीबीचं आलं की मी वेगळं सांगायचो आणि ते कप खाली ठेवून ऐकायचे.

या उपक्रमात प्रत्येकाच्या नावावर चालवलेल्या वेळेची नोंद होते. चार कोअर एक तास चालले तर चार तास धरतात. आमच्या दोन यंत्रांची बारा तासांची एक रात्र म्हणजे हिशोबात चार दिवस. दर टप्प्याला एक बिल्ला मिळतो, नुसतं चित्र. चौदा दिवसांना ब्राँझचा, मग चांदीचा, सोन्याचा. एकशे ऐंशी दिवस झाले की माणकाचा. फेब्रुवारी 2017 मधल्या एका सकाळी टीबीच्या रकान्यात तो लाल बिल्ला दिसला. मी अब्बांना सांगितलं, "टीबीचे एकशे ऐंशी दिवस झाले."

त्यांनी बोटांवर मोजलं. "छे महिने."

"हां."

"पूरा कोर्स," ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

या कामातून टीबीचं नवं औषध निघालं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालेलं नाही. आमच्या तुकड्यांतून रेणूंच्या हालचालींची माहिती जमली, तेवढंच. संशोधन ही सूत काढण्यापासूनची गोष्ट आहे, कापड फार पुढे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आजही आपल्या देशात आहेत. आणि भाईजानसाठी संशोधनाची गरजही नव्हती. त्याचं औषध तेव्हाही होतं. त्याला हवी होती चार महिन्यांची मजुरी आणि "गोळी घेतली का?" असं रोज विचारणारं कुणीतरी. हे मला संगणक चालवताना जास्त स्पष्ट कळलं. म्हणून आता आमच्या गल्लीत कुणाला ही गोळी सुरू झाली की मी सायकल थांबवून विचारतो. ते काम कुठल्याही प्रोसेसरला जमणारं नाही.

2020 च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. पहिल्यांदाच रात्रीच्या रात्री माग गप्प होते. आम्हा कुणालाच झोप लागेना. त्याच महिन्याच्या अखेरीस, 31 मार्चला, सेटी ॲट होमनं नवे तुकडे पाठवणं बंद केलं, आणि डिसेंबरात अरेसिबोची ती दुर्बीण कोसळली. पण त्याच मार्चमध्ये कोरोनाच्या विषाणूवरचं काम करायला जगभरातून इतकी माणसं 'फोल्डिंग ॲट होम'ला जोडली गेली की त्यांच्या घरगुती संगणकांची बेरीज सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या पुढे गेली. तेवढी ताकद तेव्हा कुठल्याही एका महासंगणकात नव्हती. मे महिन्यात आमच्या उपक्रमातही कोरोनाचं काम आलं. त्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी मी मोडली. गल्लीत दोन पंख्यांचाच आवाज होता. अम्मी म्हणाली, चालू राहू दे, कुणीतरी कामावर आहे असं वाटतं.

2022 मध्ये वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड आयबीएमकडून टोरोंटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेलं आणि त्या बदलात काही महिने काम येईना. रिकाम्या वेळात मी पुन्हा वीजमापक काढलं. ऑफिसातून निघालेला एक लहानसा संगणक स्वस्तात मिळत होता, पुस्तकाएवढा. त्यातल्या प्रोसेसरलाही चारच कोअर, पण 35 वॅटचा. अख्खं यंत्र 45 वॅटमध्ये चालत होतं आणि माझ्या क्वाडहून कितीतरी जलद. हिशोब स्पष्ट होता. जे मी पेंटियम-4 ला लावलं तेच आता क्वाडला लावायला हवं होतं. पण हात होईना. त्या बोर्डावर अब्बांनी सरळ केलेल्या चार पिना होत्या.

शेवटी अब्बांनाच विचारलं. ब्याऐंशी वर्षांचे, ऐकू कमी येत होतं. ते म्हणाले, "मी बसवलेले साधे माग मालकानं माझ्यासमोर हातोड्यानं फोडून किलोवर विकले. ऑटोलूम आले, त्यात काय चुकलं? कापड चांगलं निघतंय. मशीनवर जीव लावू नको, कामावर लाव."

मग थोडं थांबून म्हणाले, "धोटा मात्र काढून ठेव."

त्यांच्या पत्र्याच्या डबीत, भिंग आणि सुईशेजारी, घासून गुळगुळीत झालेला एक लाकडी धोटा आहे. आता त्याच्या शेजारी बोटाच्या दोन पेरांएवढा एक चौकोन आहे, वरून चंदेरी, त्यावर क्यू8400 असं कोरलेलं. लहान संगणक क्लासच्या खोलीत असतो. त्याला पंखा आहे की नाही तेही कळत नाही इतका तो हळू चालतो.

अब्बांना ते आवडत नाही. आवाज नाही म्हणजे मशीन बंद आहे असं त्यांना वाटतं. रात्री उठून ते खोलीत जातात, त्या पुस्तकाएवढ्या डब्यावर तळहात ठेवतात आणि गरम लागला की परत येऊन झोपतात.